फायसेरम सिंधुई

“मांजर वकलं हुतं न्हवं का, म्हणून खरडून टाकलं,” ठकूबाई म्हणाली. तिच्या हातात खुरपं होतं आणि खुरप्याच्या पात्याला पिवळं काहीतरी चिकटलेलं होतं.

मी ओंडक्यावर बोट फिरवून पाहिलं. दहा मिनिटांपूर्वी त्या कुजलेल्या जांभळीच्या ओंडक्यावर तळहाताएवढा पिवळाधमक थर पसरलेला होता. कडेला पंख्यासारखा रुंद, मागं शिरांचं जाळं. मी डबी, चिमटा आणि वही आणायला झोपडीत गेले. वही अंथरुणाखाली गेली होती, ती शोधण्यात वेळ गेला. परत आले तर ओंडका साफ.

“कुठं टाकलंत?”

“उकिरड्यावर. आनि कुठं टाकू?”

मी तशीच पळाले. भुरभूर पाऊस होता, शेणात पाय घोट्यापर्यंत जात होता. ठकूबाई मागून ओरडत आली, “आगं मास्तरीणबाय, घाण हाय ती! त्यात हात घालू नगंस!” मी दोन्ही हात घातले. सालीच्या दोन ढलप्या मिळाल्या. एका ढलपीवर लिंबाएवढा पिवळा गोळा, चेचलेला, शेणाने माखलेला. मी तो तळहातावर घेऊन पावसातच उभी राहिले. मला रडू येत होतं आणि हसूही. ठकूबाई माझ्याकडे बघत राहिली.

“ह्येच हुडकत हुतीस नऊ दिस?”

“हेच असेल. अजून माहीत नाही.”

“आधी सांगायचं न्हाई व्हय!”

चूक तिची नव्हती. मी तिला एवढंच सांगितलं होतं, की मी जंगलातली एक बारीक वस्तू शोधते आहे. ही १९८८ च्या सप्टेंबरातली गोष्ट. कोल्हापूरहून एसटीने दोन-अडीच तास आणि मग डांबरी सोडून आठ किलोमीटर चढण, अशा एका धनगरवाड्यावर मी मुक्कामाला होते. चार झोपड्या, वीस-बावीस म्हशी, चहूकडे जंगल. ठकूबाई झोऱ्यांच्या घरी मला जागा मिळाली होती. तिचा नवरा आणि दीर खवा घेऊन खालच्या गावाला गेले की दोन-दोन दिवस येत नसत. मग झोपडीत ती, मी आणि ते मांजर.

मी जे शोधत होते ते श्लेष्मकवक. नावात कवक असलं तरी ती बुरशी नव्हे. आयुष्याचा पहिला भाग हा जीव ओल्या लगद्यासारखा काढतो. कुजक्या लाकडात, पाल्याखाली, सावलीत सरपटतो, जिवाणू खातो, तासाला बोटाच्या पेराएवढा पुढं जातो. खाणं संपलं की उजेडाकडे येतो, आणि मग काही तासांत त्या लगद्याच्या जागी टाचण्या खोचाव्यात तसे शेकडो देठ उभे राहतात. प्रत्येक देठावर एक डोकं, डोक्यात बीजाणूंची पूड. जात ओळखायची ती या टाचण्यांवरून. लगद्यावरून काहीच सांगता येत नाही. पिवळे लगदे वीस जातींचे असतात.

मला त्यातली एकच जात हवी होती: फायसेरम सिंधुई.

ती माझ्या सरांची जात. डॉ. अनंत खासनीस, आमच्या विभागाचे प्रमुख. सतरा वर्षांपूर्वी, १९७१ च्या सप्टेंबरात ते याच वाड्यावर बायकोला घेऊन आले होते. इथल्याच एका ओंडक्यावर त्यांना टाचणीसारख्या देठांवर मोरपंखी चकाकणारी डोकी दिसली. त्या गटातल्या बहुतेक जातींच्या डोक्यावर चुन्याचे पांढरे कण असतात. या डोक्यांवर चुन्याचा एक कण नव्हता. नुसता निळा-जांभळा पापुद्रा, साबणाच्या फुग्यासारखा. सरांनी ती नवी जात म्हणून प्रसिद्ध केली आणि तिला बायकोचं नाव दिलं. सिंधूकाकू ते सगळ्यांना हसत सांगायच्या, “कुणाच्या नावाचा रस्ता असतो, माझ्या नावाचा शेंबूड आहे.”

त्यानंतर ती जात कुणालाच सापडली नाही. विभागात ठेवलेला मूळ नमुना किडीने खाल्ला, काड्यापेटीत नुसती पूड उरली. आणि त्या वर्षी एका परदेशी तज्ज्ञाचा जाडजूड ग्रंथ आला. त्यात सरांच्या जातीसाठी दीड ओळ होती: ‘संशयास्पद. बहुधा एका सामान्य जातीचं अति पावसात बिघडलेलं रूप.’ ती सामान्य जात सगळ्यांच्या ओळखीची. उंची तीच, देठ तसाच, फक्त डोकं चुन्याने पांढरंफेक. आम्ही विद्यार्थी तिला नुसतं ‘पांढरी’ म्हणायचो, इतकी ती जिकडेतिकडे सापडायची.

ती दीड ओळ सरांना मीच वाचून दाखवली होती. काचबिंदूने त्यांची नजर तोवर जवळजवळ गेली होती. पुस्तकातली अक्षरं दिसत नव्हती, सूक्ष्मदर्शक तर दूरच. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. ऐकून त्यांनी ग्रंथाच्या पानावरून हात फिरवला. मग म्हणाले, “पुन्हा वाच.” मी वाचली. ते म्हणाले, “तेरदाळे, तू जा. शोध. मिळेपर्यंत परत येऊ नकोस.”

माझ्या प्रबंधातलं मधलं प्रकरणच त्या जातीवर होतं. निपाणीला तंबाखूच्या वखारीत कारकुनी करणाऱ्या माझ्या वडिलांनी प्रबंध संपवायला दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. पण खरं सांगायचं तर मी गेले ते सरांच्या त्या ‘पुन्हा वाच’मुळे. ती दीड ओळ खोटी पाडायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

उकिरड्यावरून आणलेला गोळा मी झोपडीच्या ओट्यावर ठेवला. पावसाच्या पाण्याचे थेंब टाकून टाकून शेण धुतलं. तासाभराने भिंगातून पाहिलं तर गोळ्याच्या एका कडेला नवी कोवळी किनार फुटली होती आणि आत पिवळा रस पुढं-मागं वाहत होता. जिवंत होता.

आता तो पुन्हा जाऊ द्यायचा नव्हता. मांजर होतं, कोंबड्या होत्या, गोगलगायी होत्या, आणि त्या तर असले लगदे आवडीने खातात. मी ब्लेडने गोळ्याचे दोन भाग केले. या जिवाचं तसं चालतं. कापला तरी दोन्ही तुकडे आपापले जगतात. एक तुकडा ओंडक्याच्या सालीवर घालून मी गोठ्याच्या छपराखाली, पागोळ्यांच्या जवळ ठेवला. सरांच्या वर्णनात ‘अत्यंत ओली जागा’ असं लिहिलेलं होतं. पाणी थेट अंगावर पडणार नाही पण तुषार सतत उडत राहतील, असा दगडाचा आडोसा केला. दुसरा तुकडा त्याच सालीच्या दुसऱ्या ढलपीवर ठेवून गोठ्याच्या आत उंच फळीवर चढवला. एक गेला तर दुसरा हाताशी असावा, इतकाच त्यात विचार होता.

“ह्येला खायला काय घालायचं?” ठकूबाईने विचारलं.

“काही नाही. उपाशी ठेवायचं. उपाशी राहिला तरच फळ धरतो.”

“आनि तू? तूबी उपाशीच बसनार हाईस का हितं?”

तिने भाकरी आणि दुधाची वाटी गोठ्यातच आणून दिली. मी तिथं पोतं अंथरून बसले होते. बसल्या बसल्या मी तिला सरांची आणि त्यांच्या गेलेल्या डोळ्यांची हकीकत सांगितली. मांजराला तिने दोन दिवस डालग्याखाली कोंडून ठेवलं. ते ओरडायचं आणि ती त्याला समजावायची, “गप. पाव्हनीचं काम हाय.”

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पागोळ्यांखालचा दगड बाजूला केला.

उभे होते! पन्नास-साठ देठ, गवताच्या रंगाचे, दोन-दोन मिलिमीटरचे. प्रत्येकाच्या टोकाला वाटोळं डोकं. उजेड पडला तसा त्यांच्यावरून निळा रंग सरकला, मग जांभळा, मग तांब्याचा. चुना कुठंही नाही. मी भिंग लावलं, काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. सरांच्या निबंधातला शब्द न् शब्द मला पाठ होता आणि तो शब्द न् शब्द समोर उभा होता.

“ठकूबाई! अहो ठकूबाई, या!”

ती धावत आली. वाकून बघितलं. मी तिच्या डोळ्यापाशी भिंग धरलं. पहिल्यांदा तिला काही दिसेना, मग ती एकदम मागं सरली.

“आगं बया! मोराचं प्वार गं!”

आम्ही दोघी हसलो. तिने जाऊन मांजर मोकळं केलं. मी आनंदाच्या भरात फळीवरचा दुसरा तुकडा खाली काढला. म्हटलं, तोही फळला असेल, दोन डब्या भरतील.

तोही फळला होता. तेच देठ, तीच उंची. डोकी मात्र पांढरीफेक. पिठात बुडवून काढल्यासारखा चुना.

मी ती ढलपी किती वेळ हातात धरून बसले होते, सांगता येत नाही. ठकूबाई शेजारी बसली.

“ह्ये काय निराळंच दिसतंय.”

“हो.”

“तुज्या सरांचं कुटलं ह्यातलं?”

मी मोरपंखीकडे बोट केलं.

“मग ह्ये कुनाचं?”

“हेही तेच.” मी म्हणाले. “एकाच गोळ्याचे दोन तुकडे होते. तुमच्यासमोरच कापले ना मी.”

तिने दोन्ही ढलप्या आळीपाळीने पाहिल्या. “ह्यो भिजला आनि त्यो कोरडा ऱ्हायला. एवढंच की.”

ग्रंथातली ती दीड ओळ माझ्या डोळ्यांपुढं आली. त्या तज्ज्ञाने हा वाडा कधी पाहिला नव्हता, आणि तरी ठकूबाईने त्याचंच वाक्य तिच्या भाषेत म्हटलं होतं.

मग मी पळवाटा शोधू लागले. सालीत आधीपासून पांढरीचे बीजाणू असतील. उकिरड्यावर दुसरा कुठला लगदा या गोळ्याला चिकटला असेल. एका तुकड्याने काय सिद्ध होतं? सगळ्या शंका रास्त होत्या. गंमत म्हणजे पागोळ्यांखालच्या तुकड्यावर एकसारख्या मोरपंखी टाचण्या पाहिल्या तेव्हा यातली एकही शंका मला आली नव्हती.

दुपारी मी पुन्हा ओंडक्याकडे गेले. ठकूबाईच्या खुरप्यातून वाचलेलं काही तरी त्याच्या भेगेत असणार होतं. होतं. दोऱ्याएवढी पिवळी रेघ. मी तिथं ओल्या पाल्याचं आच्छादन केलं आणि थांबले. खाली निरोप पाठवला, की मी आणखी आठवडाभर येत नाही. दोन दिवसांनी ती रेघ भेगेतून बाहेर आली आणि रुपयाएवढी पसरली. या वेळी मी तिचे चार तुकडे केले. साल सकाळी चुलीवरच्या पाण्यात उकळून घेतली होती, म्हणजे तिच्यात आधीचं काही जिवंत राहायला नको. दोन तुकडे पागोळ्यांपाशी, दोन फळीवर. चारींवर खुणा केल्या. यातून काय निघावं असं मला वाटत होतं ते मी स्वतःलाही सांगितलं नाही. फक्त दर दोन तासांनी वहीत नोंद करत राहिले. पाऊस किती, ऊब किती, रंग कसा.

तिसऱ्या दिवशी दोन मोरपंखी, दोन पांढरे.

निघायच्या दिवशी मी सामान आवरत होते. नमुने काड्यापेट्यांत चिकटवले होते, मोरपंखींच्या तीन आणि पांढऱ्यांच्या तीन. ठकूबाई चुलीपाशी बसून माझ्याकडे बघत होती.

“ती पांढरी न्हेनार हाईस?”

मी पेट्यांना दोरा गुंडाळत राहिले.

“न्हाई न्हेलीस तर कुनाला कळनार हाय?”

“कुणालाच नाही.”

“मग?”

“मग काय, ठकूबाई.”

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. “मला त्यातलं काय कळत न्हाई,” ती म्हणाली. “पर त्या म्हाताऱ्यानं तुला पाठीवलं ते कशापायी? त्येचे डोळे गेल्यात म्हणूनच न्हवं?”

सहाच्या सहा पेट्या मी पिशवीत ठेवल्या. खाली उतरताना मात्र दोनदा थांबले. एका वळणावर ओढा भरून वाहत होता. तिथं मी पांढऱ्यांच्या पेट्या बाहेरही काढल्या. हात पाण्यावर धरला. एखादी पेटी निसटली असती तर मी ती पकडायला गेले असते की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. पण निसटली नाही.

कोल्हापुरात पोहोचल्यावर मी आधी विभागात गेले. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींचे पन्नास-पन्नास बीजाणू मोजले. काळपट जांभळे, अंगावर बारीक काटे, नऊ ते दहा मायक्रॉन. एकात आणि दुसऱ्यात केसाचा फरक नाही. मग टाकाळा भागात सरांच्या घरी गेले.

दुपारचे चार वाजले होते. सर व्हरांड्यात खुर्चीवर होते. सिंधूकाकू समोर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. पावलांचा आवाज ऐकून सरांनी मान वर केली.

“तेरदाळे?”

“हो, सर.”

“मिळालं?”

“मिळालं, सर.”

ते उभे राहिले. खुर्चीचा हात धरून उभे राहिले आणि पुन्हा बसले. “वर्णन सांग. घाई करू नकोस. देठापासून.”

मी सांगू लागले. देठ गवती रंगाचा, तळाशी गडद, उभ्या बारीक सुरकुत्या. डोकं वाटोळं, अर्धा मिलिमीटर, खालून किंचित चपटं. पापुद्रा एकेरी, निळा-जांभळा, चुना नाही.

“आतली जाळी?”

“नाजूक, रंगहीन. गाठी आहेत.”

“गाठींत चुना?”

“नाही. रिकाम्या.”

सरांचे डोळे उघडे होते, माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठं तरी लागलेले. चेहरा इतका उजळला होता, की काकूंचे हात थांबले.

“सिंधू, ऐकलंस? सापडलीस तू!”

“ऐकलं हो. आता तिला चहा तरी द्याल का?”

“चहा कसला, शिरा कर!”

त्या हसत उठल्या. मी म्हणाले, “काकू, थांबा. सर, अजून सांगायचंय.”

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे. काकू पुन्हा खाली बसल्या.

मी सगळं सांगितलं. उकिरडा, दोन तुकडे, पागोळ्या, फळी. सांगताना मी सरांकडे बघत नव्हते, पावट्याच्या दाण्यांकडे बघत होते. माझं संपल्यावर त्यांनी प्रश्न सुरू केले. आवाज तोंडी परीक्षेतला.

“उकिरड्यावरचा गोळा. त्यात दुसरा मिसळला नसेल कशावरून?”

“म्हणून दुसऱ्यांदा ओंडक्यातला घेतला, सर.”

“साल?”

“उकळून घेतली होती.”

“तुकडे?”

“चार. दोन ओल्यात, दोन कोरड्यात.”

“पुन्हा तेच?”

“पुन्हा तेच. ओल्यात मोरपंखी, कोरड्यात पांढरे.”

“बीजाणू?”

“मोजले. सारखेच आहेत.”

“तिसऱ्यांदा का नाही केलंस?”

“लगदा संपला, सर.”

रस्त्यावरून कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं. काकूंनी हळूच विचारलं, “म्हणजे काय झालं?”

“म्हणजे ती वेगळी जात नाही,” सर म्हणाले. “पांढरीच आहे. पाऊस फार झाला, की तिच्यावर चुना धरत नाही.”

“म्हणजे माझं नाव गेलं?”

“गेलं.”

काकूंनी एक शेंग उचलली, सोलली, दाणे ताटात टाकले. “त्या वेळी पाऊस होताच की,” त्या म्हणाल्या. “अकरा दिवस थांबला नव्हता. माझी दोन्ही लुगडी वाळत नव्हती, मी तिथल्या एका गवळणीचं लुगडं नेसून बसले होते. तुम्ही वहीत रोज लिहीत होतात, आज पाऊस, आज पाऊस.”

मी चमकून वर पाहिलं. मूळ निबंध मला पाठ होता. त्यात पावसाबद्दल एक शब्द नव्हता. जागा अत्यंत ओली, एवढंच होतं.

“सर, ती नोंद निबंधात नाही.”

“नाही.” ते म्हणाले. “वहीत आहे. अकरा दिवसांची आहे.” मग म्हणाले, “आणि दहा हातांवर, कपारीखाली, पांढरी होती. तीही वहीत आहे.”

सर खुर्चीत पुढं सरकले.

“मी तेव्हा स्वतःला म्हणालो, की याचा याच्याशी संबंध नाही. बेचाळीस वर्षांचा होतो. नवी जात मिळाली होती. दरवर्षी वाटायचं, जाऊन एकदा दोन तुकडे करून बघावेत. दरवर्षी काही तरी काम निघायचं. मग डोळे गेले, आणि खरं सांगू का तेरदाळे, मला जरा बरंच वाटलं. आता आपल्याला बघता येणारच नाही म्हणून.” त्यांनी हात पुढं केला. “त्या ग्रंथातली ओळ तू वाचलीस, तेव्हा कळलं, की आता कुणाला तरी पाठवलंच पाहिजे. जो मला हवं तेच बघून येणार नाही, अशा कुणाला तरी. दे.”

मी पेट्या त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या उघडल्या नाहीत, फक्त मोजल्या. सहा. मग काकूंच्या दिशेने धरल्या.

“रागावलीस?”

“कशाला रागावू?” काकू म्हणाल्या. “त्या चिखलात मी तुमच्याबरोबर अकरा दिवस होते, ते काही कुणी खोडत नाही.” त्यांनी पेट्या घेतल्या, पदराने पुसल्या आणि आत नेऊन ठेवल्या. थोड्या वेळाने शिऱ्यासाठी रवा भाजल्याचा वास आला.

“वही काढ,” सर म्हणाले.

“आत्ता, सर?”

“आत्ता. उद्यापर्यंत मला कारणं सुचतील.”

मी वही काढली. त्यांनी नाव सांगितलं: ‘फायसेरम सिंधुई या जातीच्या वैधतेविषयी’. खाली लेखक म्हणून आधी माझं नाव सांगितलं, मग त्यांचं.

“सर, तुमचं नाव नको,” मी म्हणाले. “माझ्या एकटीच्या नावाने जाऊ दे. लोक उगाच बोलतील.”

“चुकीवर माझं एकट्याचं नाव आहे. दुरुस्तीवर का नको?”

ते एकेक वाक्य सांगत गेले, मी लिहीत गेले. दोन वेळा त्यांनी आपलंच वाक्य मोडून पुन्हा बांधलं. शिरा ताटलीत निवत होता. हा निबंध पुढच्या वर्षी छापून आला आणि तेव्हापासून याद्यांमध्ये सिंधुई हे नाव पांढरीच्या नावाखाली, बारीक अक्षरात, रद्द झालेल्या नावांच्या रांगेत असतं. माझ्या प्रबंधातलं मधलं प्रकरण मी सगळं नव्याने लिहिलं. दिवाळी टळून गेली. वडिलांनी आणखी सहा महिने दिले. मार्चमध्ये सर निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यांनी या निबंधाचा उल्लेख स्वतःहून केला आणि सभागृहात थोडी चुळबुळ झाली. पण त्या दुपारी यातलं काहीच घडलेलं नव्हतं. त्या दुपारी फक्त सरांचा आवाज होता आणि माझं पेन.

शेवटच्या परिच्छेदाशी ते अडखळले. मग एका दमात म्हणाले, “मूळ नमुना गोळा करताना अकरा दिवस सलग पाऊस होता, आणि जवळच चुनायुक्त रूपही आढळलं होतं. ही नोंद मूळ वर्णनात दिली नाही. लिहिलंस?”

“लिहिलं, सर.”

“वाच.”

मी वाचलं, “…ही नोंद मूळ वर्णनात द्यायची राहून गेली.”

सरांनी मान माझ्याकडे वळवली.

“मी काय सांगितलं होतं?”

“दिली नाही, असं.”

“मग तेच लिही,” ते म्हणाले. “राहून गेली नव्हती.”

मी ते शब्द खोडले आणि त्यांनी सांगितले होते ते लिहिले. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. मी वाचलं. मग त्यांनी शिऱ्याच्या ताटलीसाठी हात पुढं केला.